बैठ्या सत्याग्रहाचे नागपुरी कूळ

अमेरिकेच्या दक्षिण भागात ज्या उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना बसण्यास मज्जाव होता, तेथेच जाऊन शांतपणे बसून राहण्याचा जो परिपाठ विद्यार्थ्यांनी पाडला, त्याचा जन्म ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चौघा विद्यार्थ्यांच्या हातून झाला असे सांगण्याचा प्रघात आहे. कोणी त्याचे गोत्र १९३६-३७ साली फ्लिंटच्या मोटार कारखान्यात ठाण मांडून बसलेल्या कामगारांशी जुळवितात. परंतु त्या कामगारांनी चालून आलेल्या पोलिसांवर लोखंडी बिजागऱ्या फेकल्या होत्या, आणि विद्यार्थ्यांचा तर मार खाऊनही हात न उगारण्याचा निर्धार होता. शिकागोत १९४३ च्या सुमारास असा प्रयोग झाला होता. त्याच्या चालकांनी दांडीयात्रेतील सत्याग्रही कृष्णलाल श्रीधराणी यांचा ग्रंथ अभ्यासिला होता.

माझ्या मते मात्र या कुळाची सर्वांत बलवत्तर शाखा नागपुरातून गेली. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार देऊन कैद भोगलेले जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मिशनरी म्हणून राहिले. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले आणि नॅशव्हिल येथे त्यांनी विद्यार्थ्यांची रीतसर तालीम सुरू केली : एकाने शिव्या द्याव्यात, ढकलावे, दुसऱ्याने निश्चल बसावे. २७ फेब्रुवारी १९६० रोजी पोलिसांनी एक तुकडी अटक करून नेली की दुसरी तीच आसने व्यापी. त्या दिवशी ८१ जण पकडले गेले, आणि दंड भरण्यापेक्षा तुरुंग त्यांनी पत्करला.

आता १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आठवावा. चरख्याचा ध्वज घेऊन स्वयंसेवकांची तुकडी सिव्हिल लाइन्सच्या रोखाने निघे, अटक होई, आणि तिच्या मागोमाग नवी तुकडी उभी राही. अवघ्या तीस वर्षांनंतर त्याच शहरात, वर्ध्याच्या इतक्या निकट, सत्याग्रहाच्या जिज्ञासेने वावरणाऱ्या तरुणाच्या कानी ही हकीकत त्या लढ्यातील हयात माणसांकडून पडली असलीच पाहिजे, असा माझा तर्क आहे. लॉसन यांना गांधीविचाराचा परिचय अमेरिकेतच झाला होता, हा प्रतिपक्षाचा आक्षेप मला मान्य आहे. तथापि विचार ग्रंथांतून मिळतो, तुकडीमागून तुकडी उभी करण्याची शिस्त ती पाळलेल्यांच्या सहवासातच उमगते. नॅशव्हिलच्या सहा दुकानांनी १० मे रोजी सर्वांस जेवण वाढण्यास आरंभ केला, तो याच शिस्तीपुढे नमून.