चाकाविना घडलेलं वाडगं

संक्रांतीला आपण सगळ्या सुगडं आणतो. पेणच्या बाजारातून, रोह्याच्या बाजारातून, जिला जो जवळ पडेल तिथून. ऊस, बोरं, हरभरा, तीळ भरून पुजतो, वाण देतो. नंतर त्या सुगडाचं काय होतं ते विचारू नका! आज आम्ही सांगणार आहोत सुगडासारख्याच एका बिनकानाच्या मातीच्या भांड्याबद्दल. जपानात ते रेशमी कापडात गुंडाळून लाकडी पेटीत जपतात. ते आहे चहा प्यायचं वाडगं. तिकडे त्याला ‘चावान’ म्हणतात.

तो चहा आपल्यासारखा दूध-साखर घालून उकळलेला नसतो. हिरव्या पानांची बारीक पूड वाडग्यात घालायची, वर गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या छोट्या रवीने फेस येईपर्यंत घुसळायचं. मग दोन्ही हातांच्या ओंजळीत वाडगं धरून प्यायचं.

पूर्वी तिथले सरदार आणि श्रीमंत लोक चीनहून आलेली महागडी, गुळगुळीत भांडी मिरवायचे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) नावाचा चहागुरू झाला. त्याला हा थाट नको होता. त्याने क्योतो शहरातल्या चोजिरो नावाच्या कारागिराकडून साधी काळी आणि तांबडी वाडगी करून घेतली. चोजिरोने ती चाकावर काढली नाहीत. मातीची जाड चकती घ्यायची, हातांनी तिच्या कडा हळूहळू वर उचलायच्या, मग खरवडून आकार द्यायचा. काळं वाडगं तर भट्टीत लाल झालं की चिमट्याने तसंच बाहेर ओढायचं. या घराण्याला पुढे ‘राकू’ नाव पडलं. आज त्यांची सोळावी पिढी हेच काम करते, आणि अजूनही चाक वापरत नाही.

आता हे ऐकून आपल्या कुंभारवाड्यातली बाई काय म्हणेल? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बाईने चाकाला हात लावायचा नाही, असा रिवाज. चाक पुरुषाचं. पण माती कुटणं, चाळणं, तुडवणं, आतून गोटा धरून बाहेरून थापटण्याने मडकं वाढवणं, वाळवणं, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकणं, यातलं बरंचसं काम तिच्याच वाट्याला. ज्या थापटण्याने गोरोबाकाकांनी संतांची डोकी तपासल्याची कथा आपण ऐकतो, ते अवजार घराघरांतून बायकांच्याही हाती होतं. तरी विचारलं तर ती म्हणते, “मी काय, नुसती मदत करते.” जपानात ज्या हातकामाला एवढा मान, त्याला आपल्याकडे मदत म्हणतात. आम्हाला हे काही पटत नाही.

जपानातही मान मिळाला तो बहुतेक पुरुषांनाच. पण तिथे एक बाई होऊन गेली, ओतागाकी रेंगेत्सु (१७९१–१८७५). पहिला संसार मोडला, दुसरा नवरा आजारात गेला, लेकरंही जगली नाहीत. तिने केस उतरवले आणि बौद्ध संन्यासिनी झाली. १८३२ मध्ये ज्यांनी तिला वाढवलं ते वडीलही गेले. चाळिशी उलटलेली, पोटापाण्याची सोय नाही. तेव्हा ती हातानेच चहाची भांडी घडवू लागली. आकार वेडेवाकडे, बोटांचे ठसे तसेच राहिलेले. पण ती कविता करायची, आणि ओल्या मातीवर टोकदार काडीने स्वतःची कविता आणि नाव कोरायची. भांडी इतकी खपू लागली की क्योतोत लोक त्यांच्या नकला करून विकू लागले.

पेणच्या गणपतींची ख्याती तर सातासमुद्रापार गेली आहे. हमरापूर, जोहे भागातल्या कारखान्यांत कितीतरी जणी साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे भरतात, अंग गुळगुळीत करतात, रंग देतात. मूर्ती गाडीत चढते ती कारखान्याच्या नावाने. आमचं म्हणणं एवढंच, की पाटाखाली एका कोपऱ्यात तिचंही नाव लिहायला काडीभर जागा असते.

तुमच्या गावात सुगडं, माठ किंवा मूर्ती घडवणारी कोणी आजी, काकू, वहिनी असेल, तर तिला विचारून तिचं नाव आणि ती नेमकं कोणतं काम करते ते आम्हाला कळवा. संक्रांतीच्या आधी ती नावं आपण रेडिओवर वाचू.