निःपक्ष कोण? कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांची गोष्ट

१/ १९७५. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एक विलक्षण अर्ज आला. स्त्रियांना नोकरी नाकारल्याचा आरोप असलेल्या सलिव्हन अँड क्रॉमवेल या बड्या वकिली पेढीने न्यायाधीशांनाच खटल्यातून दूर होण्याची विनंती केली. त्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या आणि पूर्वी भेदभावाविरुद्ध लढलेल्या वकील. मग त्या निःपक्ष कशा राहतील?

२/ कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचा जन्म १९२१ मध्ये न्यू हेवन येथे, कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावरून आलेल्या कुटुंबात झाला. शिक्षणासाठी पैसा नव्हता. त्यांचे भाषण ऐकून प्रभावित झालेल्या क्लॅरन्स ब्लेकस्ली या गोऱ्या उद्योजकाने तो भार उचलला.

३/ कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकत असतानाच त्या थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली ‘एनएएसीपी’च्या लीगल डिफेन्स फंडात रुजू झाल्या. शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्याचा (१९५४) मूळ दावा लिहिण्यात त्यांचा वाटा होता.

४/ १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांना मिसिसिपी विद्यापीठाचे दार उघडून देणारी कायदेशीर लढाई त्यांनीच लढवली. त्या प्रवेशाविरुद्ध उसळलेल्या दंगलीत दोन माणसे मारली गेली.

५/ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १० खटले लढवले, ९ जिंकले. हरलेला खटला अलाबामातील. तेथे सरकारी वकिलांनी सहाही कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळले होते. १९६५ मध्ये न्यायालयाने ते चालवून घेतले. उरलेली गोरी ज्युरी पक्षपाती असेल, अशी शंका तेव्हा मान्य झाली नाही.

६/ १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना फेडरल न्यायाधीशपदासाठी निवडले. मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड हे सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. त्यांनी ही नेमणूक महिनोन्महिने अडवली. अखेर ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली आणि देशाला पहिली कृष्णवर्णीय स्त्री फेडरल न्यायाधीश लाभली.

७/ आता पुन्हा त्या अर्जाकडे. मॉटली यांनी तो फेटाळला. त्यांचा तर्क साधा होता : वंश, लिंग किंवा पूर्वीची वकिली एवढ्यावरून पक्षपात ठरत असेल, तर या न्यायालयातील एकही न्यायाधीश हा खटला चालवू शकणार नाही. कारण प्रत्येकालाच वंश आहे, लिंग आहे, आणि बहुतेकांना वकिलीचा भूतकाळही आहे.

८/ या तर्काने एक जुने गृहीतक उघडे पाडले. गोऱ्या पुरुषाची नजर ही ‘नजर’ मानलीच जात नव्हती. तिलाच तटस्थता म्हणत. पक्षपाताचा संशय मात्र इतरांच्या वाट्याला येई.

९/ १९७८ मध्ये यांकी स्टेडियमच्या ड्रेसिंग रूममध्ये स्त्री वार्ताहरांना सरसकट मज्जाव करणे त्यांनी घटनाबाह्य ठरवले. १९८२ मध्ये त्या आपल्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या.

१०/ आणि तो हरलेला खटला? १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भूमिका बदलली : केवळ वंशावरून कोणालाही ज्युरीतून वगळता येणार नाही. हे पाहायला मॉटली होत्या. त्यांचे निधन २००५ मध्ये झाले.