सुरी लागली की पसरतो?

"गाठीला सुरी लावू नका हो, पसरेल!" हे वाक्य कधीच न ऐकलेला माणूस आपल्याकडे विरळाच. आपण ती अडाणी समजूत म्हणून सोडून देतो. पण गंमत म्हणजे एके काळी हीच भीती भल्याभल्या सर्जननाही होती.

'बायोप्सी' हा शब्द १८७९ मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेनिए यांनी रूढ केला. पण मेलानोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर, समोर आला की सर्जनचा हात थबकायचा. तुकडा काढताना पेशी रक्तात सुटल्या तर? १९०७ मध्ये लंडनच्या सॅम्पसन हँडली यांनी हा रोग लसिकावाहिन्यांतून पसरतो असं मांडलं आणि भोवतालची बरीच कातडीही काढावी असं सुचवलं. आधार? एकाच रुग्णाचा अभ्यास! पण पुढे कित्येक दशकं चौफेर ५ सेंटिमीटरपर्यंत कातडी काढली जात राहिली.

१९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवलं, की मेलानोमाची जाडी किती मिलिमीटर आहे यावर रुग्णाचं पुढचं बरंचसं ठरतं. आता जाडी मोजायची तर तपासणीला तुकडा हवाच! मग जुन्या भीतीचं काय? २००२ मध्ये स्कॉटलंडमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी फक्त तुकडा काढलेले २६५ रुग्ण आणि डाग पूर्ण काढून तपासलेले ४९६ रुग्ण यांची तुलना केली गेली. रोग उलटण्यात किंवा मृत्यूत फरक आढळला नाही.

म्हणजे तुकडा कसाही काढावा असं मात्र नाही हं. शक्य असेल तर अख्खा डागच थोड्या कडेसह काढतात. कारण छोट्या तुकड्यात सर्वांत जाड भाग निसटू शकतो आणि रोग आहे त्याहून सौम्य वाटतो. डाग मोठा किंवा अवघड जागी असेल तरच त्याचा भाग घेतात.

हे सगळं लिहायचं कारण, आपल्या सावळ्या लोकांत मेलानोमा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. भोवरी असेल, मार लागला असेल म्हणून तो दुर्लक्षिला जातो. वर "सुरी नको"ची भर! त्यात जे महिने जातात, तेवढ्यात त्याची जाडी वाढत राहते. तेव्हा घरात कुणाच्या तळपायावर बदलत जाणारा काळा डाग असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. आणि त्यांनी बायोप्सी सांगितली तर नको म्हणू नका.