देवाचा दरबार

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्तदीक्षा घेतली आणि त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तील ती ताटातूट आजही कोरड्या डोळ्यांनी वाचवत नाही. पुढे मिशनच्या आवारात ख्रिस्ती माणूस आपल्याच समाजाला परका होतो, ही खंत टिळकांना जाळू लागली. १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना. ज्या विधीपायी स्वतः घरदार गमावले, तोच विधी त्यांनी दरबाराच्या उंबरठ्यावर आडवा येऊ दिला नाही. या धैर्यापुढे त्यांची कविकीर्तीही गौण वाटते. दरबाराने मूळ धरण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले.