समुद्राचा ताप आणि आपले राब



रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या गटांच्या बैठकीत दोनच विषय असतात. बियाण्यासाठी कर्ज किती उचलायचं, आणि धूळवाफेवर पेरणी करायची की पहिल्या पावसाची वाट बघायची. अलीकडे त्यात तिसरा विषय शिरला आहे. कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी येते, "यंदा अल निनो, पाऊस कमी," आणि बैठक तिथेच अडकते. मागे एका मावशींनी विचारलं, "हा निनो कोण, आणि त्याचा आमच्या राबाशी काय संबंध?" तेव्हा आम्हाला नीट सांगता आलं नाही. मग वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो.

ही गोष्ट दुष्काळापासून सुरू होते. 1876 ते 1878 या काळात घाटावर, सगळ्या दख्खनमध्ये, मोठा दुष्काळ पडला. आपल्या देशाचं हवामान खातं तेव्हा नुकतंच, 1875 मध्ये, सुरू झालं होतं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख होते. पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का, असं सरकारने त्यांना विचारलं. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयाकडे बघितलं. ज्या वर्षी तिथे बर्फ जास्त, त्या वर्षी पाऊस कमी, असं त्यांना दिसलं. त्या आधारावर 1886 च्या जूनमध्ये देशाच्या पावसाचा पहिला रीतसर अंदाज निघाला.

पण 1877 मध्ये आणखी एक गोष्ट घडत होती, ती इथे कुणाला माहीत नव्हती. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, पेरू देशासमोरचा प्रशांत महासागर भलताच तापला होता. तिथले कोळी नाताळच्या सुमाराला येणाऱ्या गरम पाण्याला 'एल निनो' म्हणत. म्हणजे बाळ, बाळ येशू. मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. निनो म्हणजे पाळण्यातलं बाळ, पण ते रडायला लागलं की अर्ध्या जगाची झोप उडते.

1899 साली खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि पावसाने दगा दिला. पुन्हा दुष्काळ. 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. ते गणिताचे माणूस, हवामान शिकलेले नव्हते. त्यांनी जगभरातून हवेचा दाब, पाऊस आणि तापमान यांचे आकडे मागवले आणि आपल्याकडच्या कारकुनांकडून वर्षानुवर्षं हिशेब करून घेतला. संगणक नव्हता. रकाने आखायचे, आकडे भरायचे, बेरजा तपासायच्या. शेवटी एक मेळ सापडला. प्रशांत महासागराच्या बाजूला हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो, तराजूच्या पारड्यांसारखा. पुस्तकात नाव वॉकर यांचं आहे. वही लिहिणाऱ्यांचं काय होतं, हे आपल्या गटाच्या सचिवांना वेगळं सांगायला नको.

हे खातं आधी शिमल्याला होतं. 1928 मध्ये त्याचं मुख्य कार्यालय पुण्याला आलं. शिवाजीनगरला उतरून 'शिमला ऑफिस' म्हटलं की रिक्षावाला नेतो, ते हेच. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं. 1948 मध्ये तिथे अण्णा मणी नावाच्या बाई रुजू झाल्या. मूळच्या केरळच्या. तोवर आपली बरीच हवामान उपकरणं इंग्लंडहून यायची. बाईंनी शंभराच्या आसपास उपकरणांचे नकाशे पक्के करून ती इथेच बनवून घ्यायला सुरुवात केली.

वॉकर यांचं पारडं हलवतं कोण, हे मात्र कळत नव्हतं. उत्तर समुद्रात होतं, आणि समुद्राचा ताप मोजणं सोपं नव्हतं. जहाजावरून दोरीला बांधलेली बादली खाली सोडायची, पाणी वर घ्यायचं आणि त्यात तापमापक बुडवायचा. कितीतरी वर्षं जगभर हेच चालू होतं. बादली बऱ्याचदा कॅनव्हासची असायची. आता माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याला ठाऊक आहे. तसंच त्या बादलीतलं पाणी वाऱ्याने गार व्हायचं आणि समुद्र होता त्यापेक्षा थंड नोंदला जायचा. ती चूक नंतरच्या शास्त्रज्ञांना हिशेबाने काढावी लागली.

1969 मध्ये ब्येर्कनेस नावाच्या शास्त्रज्ञांनी समुद्र आणि हवा यांची गाठ मारून दाखवली. एरवी वारा प्रशांत महासागराचं गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलत असतो. वारा ढिला पडला की ते पाणी उलटं सरकतं, त्याच्याबरोबर पावसाच्या ढगांची जागा सरकते, आणि आपल्याकडे पाऊस कमी पडायची शक्यता वाढते. तीनच वर्षांनी, 1972 मध्ये, अल निनो आला आणि महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला, ज्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. म्हाताऱ्या बायका त्या सालची लाल मिलो अजून विसरलेल्या नाहीत.

1982 चा अल निनो वाढत असताना शास्त्रज्ञांना वेळेवर ओळखता आला नाही. मग प्रशांत महासागरात मोजणारे तरंगते बोये नांगरून ठेवले गेले. आज जगातल्या समुद्रांत जवळपास चार हजार यांत्रिक तरंगेही फिरतात. ते दोन हजार मीटर खोल बुडी मारतात आणि दर दहा दिवसांनी वर येऊन उपग्रहाला ताप कळवतात. म्हणून आता दर महिन्याला समुद्राची बातमी निघते, आपल्या पुण्याच्या कार्यालयातूनही. नेहमीपेक्षा अर्धा अंश जास्त ताप टिकून राहिला की अल निनोची चर्चा सुरू होते. अर्धा अंश!

तरीही बाळ सगळ्यांचं ऐकतंच असं नाही. 1997 चा अल निनो फार मोठा होता, आणि भारतात पाऊस नेहमीएवढा झाला. का, याचा एक धागा 1999 मध्ये सापडला. साजी या भारतीय शास्त्रज्ञाने जपानमधल्या सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की आपल्या हिंदी महासागराचंही एक पारडं आहे. आफ्रिकेकडची बाजू जास्त तापली आणि इंडोनेशियाकडची गार राहिली तर आपल्या पावसाला बळ मिळू शकतं. 2019 मध्ये ते पारडं असंच जोरात झुकलं. जून कोरडा गेला, तरी हंगामाचा पाऊस सरासरीच्या 110 टक्के झाला. 27 जुलैला वांगणीजवळ उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, ते हेच वर्ष. अर्थात एका दिवसाच्या पुराचं खापर कुणी समुद्राच्या पारड्यावर फोडू शकत नाही.

हे सांगायचं कारण 2023. ते अल निनोचं वर्ष. खात्याने एप्रिलमध्ये 96 टक्के पाऊस सांगितला होता, पडला 94 टक्के. अंदाज म्हणून उत्तमच. पण आपल्या वाट्याला ते वर्ष कसं आलं? 19 जुलैच्या रात्री खालापुरात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता राहिली. पुढचाच ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. कमी पावसाच्या म्हणून गणल्या गेलेल्या वर्षाने आधी डोंगर खाली आणला आणि मग पावसाने ओढ दिली. 94 या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून आमच्या गटांत आता दोन बातम्या वेगळ्या ठेवतो. समुद्राची बातमी मेच्या बैठकीत वाचायची. तिच्यावरून कर्जाचा हप्ता किती सैल ठेवायचा, दुबार पेरणीसाठी बियाणं राखायचं का, आणि घाटमाथ्यावरचे तलाव कमी भरले तर राजनाल्याच्या पाण्यावरच्या उन्हाळी भाताचं काय, एवढंच बोलायचं. पेरणीचा दिवस तिच्यावरून ठरवायचा नाही. तो मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यावरून ठरतो. तो मोबाईलवर 'मेघदूत' ॲपमध्ये मराठीत मिळतो. आणि डोंगराखालच्या वाड्यांनी त्या दिवसाचा इशाराच बघायचा, मग वर्ष निनोचं असो वा नसो.

त्या मावशींनी यंदा एक पायली बियाणं मडक्यात घालून तोंड बांधून ठेवलं आहे. विचारलं तर म्हणतात, "बाळासाठी ठेवलंय."