पहिला नंबर कुणाला?

फेब्रुवारी 1998, इंडियानापोलिस. पुढच्या पंचवीस वर्षांत काय घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. आरसीए डोमच्या दारातच ते ठेवून आत या.

आत कॉलेजची पोरं अर्ध्या चड्डीत रांगेने उभी आहेत. उंची, वजन, धावण्याचा वेळ सगळं मोजलं जातंय. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, म्हणजे क्वार्टरबॅकचा, तर पंजासुद्धा टेबलावर पसरून, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टीने मोजतात. तुम्ही इंडियानापोलिस कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारे. मागच्या हंगामात तुमच्या संघाने 16 पैकी 13 सामने गमावले आणि त्याचं बक्षीस म्हणून यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमात, पहिली निवड तुमची. नवे सर्वेसर्वा बिल पोलियन यांना एकच उत्तर हवंय: टेनेसीचा पेटन मॅनिंग की वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ?

दोघंही सहा फूट पाच इंचांचे. लीफ काट्यावर चढतो आणि आकडा अपेक्षेच्या बराच पुढे जातो. तुम्ही लिहून घेता. पण त्याचा हात! खांद्यातून चेंडू असा सुटतो की शेजारचे दोन स्काउट बोलणं थांबवून बघत राहतात. मॅनिंग तयार आहे आणि लीफ अजून वाढेल, असं बोललं जातंय. हे 'वाढेल' फार घातक, कारण त्यात प्रत्येकाला आपल्याला हवं ते दिसतं.

मग मुलाखती. हा सगळा कांदेपोह्यांचा कार्यक्रम: थोडा वेळ, सजवलेली उत्तरं आणि आयुष्याचा निर्णय. मॅनिंग वही घेऊन येतो आणि तुमच्याच संघाबद्दल तुम्हाला इतके प्रश्न विचारतो की तो गेल्यावर मुलाखत नक्की कुणाची झाली ते कळत नाही. लीफ येतच नाही. वैद्यकीय तपासणीमुळे वेळेचा घोळ झाला, असं तो पुढे सांगेल. नंतरच्या काळात हाच प्रसंग त्याच्या बेजबाबदारपणाचा पुरावा म्हणून चघळला गेला. मला तो तितका पटत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाची एक चुकलेली भेट म्हणजे त्याचा स्वभाव नव्हे.

खरं काम व्हिडिओ कॅसेटच्या खोलीत आहे. चेंडू कुठे पडला ते बघू नका, पाय आणि डोळे बघा. टेप मागे घ्या. स्नॅप होतो, चेंडू हाती येतो, मॅनिंग मागे सरकतो. पास झेलणारा पहिला रिसीव्हर झाकलेला, नजर दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, आणि नजरेबरोबर पावलंही वळतात. रिसीव्हर मान वळवायच्या आत चेंडू निघालेला असतो. पुन्हा बघा. हे हाताचं नाही, डोक्याचं काम. वडील आर्ची मॅनिंग स्वतः व्यावसायिक क्वार्टरबॅक होते. पोरगा तीन वर्षांत पदवी मिळवूनही चौथं वर्ष कॉलेजातच खेळायला थांबला.

आता लीफची कॅसेट. प्रशिक्षक माइक प्राइस रिसीव्हर मैदानभर पसरवतात, बचावफळी ताणली जाते, मधे मोकळी जागा पडते. लीफने 1997 मध्ये 34 टचडाउन फेकले, संघाला 67 वर्षांनी रोझ बोल या मानाच्या कॉलेज सामन्यात नेलं. यातलं किती पोराचं आणि किती योजनेचं? व्यावसायिक मैदानावर ती मोकळी जागा हातभर उरते. त्या हंगामात लीफचे शंभरातले पंचावन्न पास पोचले, मॅनिंगचे साठ. मॅनिंग चार वर्षं खेळलाय, लीफ तिसऱ्या वर्षानंतरच बाहेर पडतोय. ही माहिती कंटाळवाणी आहे, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची. अचूकता सहसा नंतर शिकवता येत नाही, आणि फार सामने खेळलेल्या मुलाच्या खोडी लपलेल्या राहत नाहीत.

18 एप्रिल, न्यूयॉर्क. पहिलं नाव मॅनिंग. दुसरं लीफ, ज्याच्यासाठी सॅन डिएगो चार्जर्सनी फक्त एक पायरी वर सरकायला ॲरिझोनाच्या संघाला दोन खेळाडू आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडसुद्धा देऊन टाकली.

इथून सरळ सप्टेंबरात उतरा. दोन सामने झालेत: लीफचा संघ दोन्ही जिंकलाय, मॅनिंगचा दोन्ही हरलाय आणि त्याचे पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडताहेत. कचेरीत तुमच्याशी कुणी फारसं बोलत नाही. तुमचा अहवाल कुणीतरी कपाटातून काढलाय म्हणे. दारात ठेवलेलं ते ज्ञान आत्ता फार हवंहवंसं वाटेल.

तिसऱ्या आठवड्यात कॅन्सस सिटीत लीफ 15 पैकी 1 पास पोचवतो, एकूण 4 यार्ड. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये एका पत्रकारावर ओरडतो आणि ते कॅमेऱ्यात सापडतं. मॅनिंगचेही हाल संपलेले नाहीत. हंगामात त्याचे 28 पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, नवख्यासाठी हा विक्रमच. पण 4 ऑक्टोबरला तो आपला पहिला सामना जिंकतो, तोही लीफच्याच चार्जर्सविरुद्ध, 17-12.

वर्षाअखेर कोल्ट्स पुन्हा 3 विजय, 13 पराभव. तुमच्या निवडीने गुणतक्त्यात एका सामन्याचाही फरक पाडलेला नाही. पुढच्या हंगामात लीफ खांद्याच्या दुखापतीमुळे एकही सामना खेळणार नाही, आणि तेव्हा मॅनिंगचा संघ 13 जिंकेल, 3 हरेल.