घास उतरण्याची वाट

आमच्या तळोद्याकडे ताटात मिरची नसेल, तर जेवण झाले असे कोणी म्हणत नाही. माझे थोरले भाऊ कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा असा खात, की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. त्याच दादांना २००९ च्या पावसाळ्यात घास अडकू लागला. मग आवाज बसला. गावातल्या डॉक्टरांनी नंदुरबारला पाठवले, नंदुरबारहून मुंबईला. स्वरयंत्राच्या मागे, जिथे घसा संपतो आणि अन्ननलिका सुरू होते, तिथे कर्करोग निघाला. चाळीस वर्षांच्या विडीने केलेली ही वसुली.

स्वरयंत्र जाणार, हे आम्ही सुरतेमार्गे जाताना गाडीतच मनाशी धरले होते. मुंबईच्या सर्जनसाहेबांनी मात्र कागदावर रेघा ओढून वेगळाच प्रश्न पुढे ठेवला. ‘‘मास्तर, रोग काढता येईल. पण काढल्यावर घास कुठून उतरणार? ती वाट कशाची बांधायची, ते ठरवायचे आहे.’’ छातीचा स्नायू, हाताची कातडी की पोटातले जठर? मी शाळेत इतिहास शिकवणारा माणूस. वैद्यक मला कळत नाही. पण या तिन्ही वाटा कोणी, कधी शोधल्या, ते मी त्यानंतर वाचून काढले.

कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी केली. त्यांचे सहकारी गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्रही बनवले. काही महिन्यांनी रोग उलटला आणि रुग्ण गेला. पण घसा कापता येतो, हे सिद्ध झाले. पुढची अडचण निराळी होती. घशाचा भाग मोठा काढला, तर उरलेली भोके नुसती शिवून भागत नाही. मध्ये काहीतरी बसवावे लागते, आणि ते जिवंत असावे लागते. रक्त न मिळालेले मांस सडते आणि टाक्यांतून लाळ गळू लागते.

मांस जिवंत ठेवून जागा बदलण्याची युक्ती मात्र आपल्या पुण्याजवळची, हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. टिपूबरोबरच्या युद्धात कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा गाडीवान पकडला गेला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून, खाली वळवून नाक घडवले. दोन भुवयांमधली कातडीची चिंचोळी पट्टी त्याने तोडली नाही. तिच्यातून रक्त येत राहिले, आणि नाक रुजल्यावर, पंचवीस दिवसांच्या सुमारास, ती पट्टी कापतात असे त्या हकिगतीत म्हटले आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिगत छापली. ती वाचून कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. आपण त्या कारागिराला कुंभार म्हणतो, इंग्रजी पत्रात वीटकाम करणाऱ्यांच्या जातीचा म्हटले आहे. गाडीवानाचे नाव छापले गेले, करणाऱ्याचे नाही. आपल्या इतिहासात असे फार वेळा होते.

देठ न तोडता कातडी वळवायची, हीच रीत पुढे घशालाही लागू पडली. टोरांटोच्या वूकी यांनी १९४२ मध्ये मानेच्या कातडीची नळी केली. ते काम टप्प्याटप्प्याने चाले आणि तोवर रुग्णाच्या मानेला उघडे भोक राही. १९६५ मध्ये अमेरिकेत बकामजियन यांनी छातीवरच्या कातडीचा पट्टा मानेत आणला. तरी टप्पे सुटले नव्हते. ते सुटले १९७९ मध्ये. आरियन यांनी छातीचा मोठा स्नायू त्यावरच्या कातडीसकट, रक्तवाहिनीच्या देठावर गळपट्टीच्या हाडावरून मानेत वळवला. एकाच बैठकीत काम. या स्नायूचे भारतातल्या डॉक्टरांवर फार उपकार आहेत. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो आणि तो सहसा दगा देत नाही. मात्र तो जाड असतो. घशाची एक बाजू उरली असेल तर ठिगळ म्हणून उत्तम, पण पूर्ण गोल नळी करायला अवघड. पुरुषांत कधी कधी छातीचे केस घशात वाढतात, हे ऐकून दादा त्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

दुसरी रीत देठ तोडण्याची. न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली सायडनबर्ग यांनी आतड्याचा तुकडा पूर्ण सोडवून मानेत लावला आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. रुग्ण आठवड्याभरातच पक्षाघाताने गेला, पण शवविच्छेदनात तो तुकडा जिवंत आढळला. पुढे चिनी सर्जननी मनगटाजवळची पातळ कातडी अशीच उचलण्याची पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९८५ मध्ये जपानच्या हारी यांनी तिची घशासाठी नळी केली. ही कातडी मऊ, सहज वळणारी. पण दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवायच्या आणि पहिले काही दिवस रात्रंदिवस पहारा ठेवायचा. गुठळी झाली तर तातडीने पुन्हा टेबलावर. शिवाय हाताला व्रण राहतो, तो वेगळा.

तिसरी वाट हाँगकाँगच्या ओंग आणि ली यांची, १९६० सालची. रोग अन्ननलिकेत खाली उतरला असेल, तर ती काढून जठरच छातीतून वर ओढायचे आणि घशाला जोडायचे. सांधा एकच. पण पोट उघडावे लागते, छातीतूनही जावे लागते, आणि त्यानंतर वाकले तरी खाल्लेले वर येते.

मी साहेबांना विचारले, ‘‘नवी पद्धत हातावरची, मग तीच चांगली ना?’’ ते म्हणाले, ‘‘नवी म्हणून नाही. मागची भिंत किती वाचते, त्यावर आहे.’’ जठराची गरज नव्हती, रोग तेवढा खाली गेला नव्हता. दादा केळीच्या बागेत राबणारे, हात त्यांना हवा होता. शेवटी ठरले, की मागची पट्टी वाचली तर छाती, न वाचली तर हात.

आठ तासांनी बाहेर येऊन साहेब म्हणाले, ‘‘पट्टी वाचली.’’

सगळे सरळ झाले नाही. दहाव्या दिवशी टाक्यातून लाळ गळू लागली. असे होऊ शकते, याची कल्पना आम्हाला आधीच दिली होती. पाच आठवडे नाकातल्या नळीतून दूध आणि पेज. मग क्ष-किरणाच्या पडद्यासमोर पांढरे औषध पाजले. मी काचेमागे उभा होतो. ते औषध छातीच्या मांसाने बांधलेल्या नव्या भिंतीवरून घसरत, कुठेही न अडकता खाली गेले.

घरी आल्यावर वहिनींनी भाकरी दुधात कुस्करून वाटीत दिली. दादांनी एक घास घेतला, वर दोन घोट पाणी, पुन्हा एक घास. वाटी संपायला पाऊण तास लागला. बोलणे तेव्हा पाटीवरच चाले. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिले, ‘‘तिखट कुठे आहे?’’